गृध्रसी व तंत्रिकामूल-वेदना

मेरुरज्जूपासून निघालेल्या तंत्रिकांची मुळे कण्याबाहेर पडताना त्यांवर दाब आल्यास वा दाह झाल्यास होणारी वेदना. कमरेतील मूळ दुखावल्यास कळ नितंबातून पावलापर्यंत उतरते (गृध्रसी). मानेतील दुखावल्यास ती हाताच्या बोटांत जाते. दुखते एकीकडे व कारण दुसरीकडे, यामुळे या व्याधीचे मूळ सापडण्यास फार काळ लागला.

चरकसंहितेत कळेचा नितंब, कंबर, मांडी, पोटरी, पाऊल हा मार्ग अचूक दिला असून शिरावेध, बस्ती व अग्निकर्म हे उपचार सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेत पाय उचलता न येणे हे लक्षण आहे, आणि हातातील तशाच व्याधीला ‘विश्वाची’ हे नाव आहे. दोन्ही व्याधी एकाच जातीच्या मानणारी ही दृष्टी मोलाची होय. दोष मात्र कंडरांत मानला गेला. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये ही वेदना सांध्याची नसून तंत्रिकेची असल्याचे प्रतिपादन केले. ताठ पाय उचलून पाहण्याची परीक्षा फ्रान्समध्ये १८८१ मध्ये वर्णिली गेली. तरीही मणक्यांमधील चकतीचा बाहेर आलेला भाग शल्यचिकित्सक बहुधा कूर्चेची गाठ समजूनच काढीत. अमेरिकेतील मिक्सटर व बार यांनी १९३४ मध्ये ही गाठ नसून फाटलेली चकतीच मुळावर दाब देते, हे दाखविले.

पुढे नाखेमसन यांनी स्वीडनमध्ये जिवंत माणसाच्या चकतीतील दाब मोजला. पुढे वाकून ओझे उचलताना तो उभे राहण्यापेक्षा बराच वाढतो. वाकून भाताची लावणी करणारा कर्जत-खालापूरचा शेतकरी व माथेरानच्या चढावर हातरिक्षा ओढणारा श्रमिक यांच्या पाठदुखीचा विचार या संदर्भात करावा लागतो. (या रिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला.) तथापि सारा दोष श्रमावर टाकणे बरोबर नाही, जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत चकतीच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आढळला आहे.

चकतीचा दोष दिसला म्हणजे वेदनेचे कारण सापडले, असेही नव्हे. अमेरिकेत १९९४ मध्ये पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींच्या चुंबकीय प्रतिमा तपासल्या असता सुमारे एकतृतीयांश जणांच्याच चकत्या निर्दोष निघाल्या. बहुतेकांची कळ काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून ओसरते. पायाची शक्ती झपाट्याने जाणे, जांघेभोवती बधिरता येणे वा लघवी अडणे ही लक्षणे मात्र वेगळी. अशा रुग्णास त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे आवश्यक असते.