जेफरसनची सही आणि देशपांड्यांचे रुमाल

अमेरिकेत जुन्या कागदांचा मोठा आणि प्रतिष्ठित बाजार आहे, आणि सुरुवातीच्या राष्ट्राध्यक्षांच्या सह्यांच्या कागदांत जमिनीचे पट्टे त्यातल्या त्यात सहज हाती लागतात. सरकारी जमीन विकत घेणाऱ्याला, किंवा लढाईतल्या चाकरीबद्दल ती मिळालेल्या शिपायाला, हा पट्टा मिळे: चामड्यावर छापलेला मजकूर, मोकळ्या जागी शाईने भरलेले नाव आणि क्षेत्र, तळाशी जेफरसन, मॅडिसन किंवा मन्रो यांची स्वहस्ताक्षरातली सही. पट्ट्यांची संख्या इतकी वाढली की २ मार्च १८३३च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाच्या वतीने सचिवाने सही करावी असे ठरले. तेव्हा अँड्र्यू जॅक्सन सत्तेवर होता. त्याच्याच कारकिर्दीच्या मधोमध बाजाराने रेघ ओढली. रेघेच्या अलीकडचा पट्टा संग्राह्य, पलीकडचा साधा. जमीन दोन्हींत खरी आणि मालकीही दोन्हींत पक्की, पण पैसे मोजायचे ते हाताचे. या बाजाराचे शिखर पाहायचे तर २०१२ साल घ्यावे. जॉर्ज वॉशिंग्टनची सही आणि समासातल्या त्याच्या खुणा असलेली, १७८९च्या काँग्रेसच्या कायद्यांची त्याची स्वतःची प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ९८ लाख डॉलरला गेली. घेतली ती वॉशिंग्टनचे घर सांभाळणाऱ्या माउंट व्हर्नॉनच्या संस्थेने, म्हणजे पुस्तक मालकाच्या घरी परतले.

हे आकडे ऐकले की आपल्याकडेही एक विचार डोके वर काढतो. नांदेड-लातूरकडच्या जुन्या वाड्यांत फारसी सनदा आहेत, मोडी कागदांचे रुमाल आहेत. त्यांनाही असा भाव मिळाला असता तर लोकांनी ते जिवापाड जपले नसते का? विचार वरवर पटण्यासारखा आहे. मला तो पटत नाही. ज्या व्यवस्थेमुळे अमेरिकेत असा बाजार इतिहासाला फारशी इजा न करता चालू शकला, ती मराठवाड्यात कधी नव्हतीच. तिथे कागद घरात होता आणि नोंद कचेरीत. इथे नोंदच घरात होती.

अमेरिकन पट्ट्याचे दोन जन्म होत. एक प्रत मालकाला मिळे, आणि तोच मजकूर सरकारी वहीत उतरवला जाई. १८१२ साली जमिनीचे वेगळे कार्यालय स्थापन झाले आणि या वह्या त्याच्या ताब्यात आल्या. त्यामुळे ओहायोतल्या एखाद्या शेतकऱ्याच्या नातवाने घरचा पट्टा विकला, तो पुढे चार हात फिरला, न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात चौकटीत अडकला, तरी अमुक माणसाला अमुक दिवशी अमुक जमीन मिळाली ही गोष्ट हरवत नाही. त्या वह्यांतून उभे राहिलेले ५० लाखांहून जास्त अभिलेख आज संगणकावर कुणालाही पाहता येतात. घरोघरचा पट्टा विकला जाणे म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने दुसरी प्रत विकली जाणे. बाजाराला सही हवी होती, ती मिळाली. वही जागेवर राहिली.

आता आपल्याकडे वळू. १६३१ साली कंधारचा किल्ला मोगलांनी घेतला, १६३६ साली उदगीर आणि औसा पडले, आणि त्याच वर्षी शाहजहानने दख्खनचे चार सुभे लावले तेव्हा त्यांतल्या तेलंगण सुभ्याचे ठाणे नांदेडला बसले. तेव्हापासून या मुलखात सनदा, परवाने, ताकीदपत्रे यांचा पाऊस सुरू झाला. पण या कागदांवर नजर टाकली तर राष्ट्राध्यक्षाच्या सहीसारखे काही दिसत नाही. बादशहा किंवा सुभेदार स्वतः लिहीत नसे. लिहिणारा मुनशी, अधिकार सांगणारा शिक्का. मराठी पत्रांतही तेच: वर मुद्रा, शेवटी मोर्तब, मधला मजकूर कारकुनाचा. फार तर शेवटच्या चार शब्दांत धन्याचा हात दिसायचा. मोगली सनदेची तर पाठ पाहावी लागते. हा कागद कोणत्या दप्तरात कोणत्या तारखेला नोंदला गेला, कोणाकोणाच्या हाताखालून गेला, कशाच्या आधारावर दिला, याच्या नोंदी आणि अधिकाऱ्यांचे शिक्के मागच्या अंगाला असतात. मोडी कागदाचे बंद एकमेकांना चिकटवलेले असत आणि मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून सांध्यावर शिक्का मारत. संग्राहक असा कागद काचेत बसवतो तेव्हा देखणी बाजू भिंतीवर झळकते, आणि कागदाची साक्ष भिंतीकडे तोंड करून बसते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. इनामपत्रांच्या शेवटी परगण्याच्या अंमलदारांना ठरीव शब्दांत एक हुकूम असे: दर साल नव्या पत्राची मागणी करू नये, या पत्राची नक्कल ठेवून घ्यावी आणि अस्सल पत्र धन्याला भोगवट्यासाठी परत द्यावे. अस्सल एका घरी, नक्कल दुसरीकडे, ही शहाणी योजना. पण ही नक्कल प्रत्यक्षात कुठे राही? परगण्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे, गावचा हिशेब ठेवणारा कुलकर्णी, यांच्या दप्तरात. हे वतनदार होते. त्यांची कचेरी म्हणजे त्यांचा वाडा. लावणीपत्रक, जमाबंदी, वसूलबाकी, वतनाच्या तंट्यांचे महजर, सारे कापडी रुमालात बांधून माळवदाखालच्या खोलीत किंवा बळदाशेजारच्या कोनाड्यात. वॉशिंग्टन शहरातल्या सरकारी वहीचे जे काम, तेच काम इथे हा रुमाल करत होता.

रुमाल घरातच राहिला याचे कारण हैदराबाद संस्थानच्या सुधारणांत आहे. संस्थानचा दिवाण सालारजंग याने १८६५ साली जिल्हाबंदी केली, पगारी तालुकदार आणि तहसीलदार नेमले, आणि देशमुख-देशपांड्यांना वसुलीच्या कामातून बाजूला करून त्यांचा रुसूम, म्हणजे वतनाच्या हक्काची रोख रक्कम, तेवढा बांधून दिला. राज्यकारभाराच्या दृष्टीने पाऊल योग्यच होते. पण कामकाज गेले तरी कागद गेले नाहीत. काल जे सार्वजनिक दप्तर होते ते आज खासगी वारसा झाले. रुसूम चालू होता तोवर कागद पुरावा म्हणून जपले गेले. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, १९५४च्या कायद्याने इनामे आणि रोख अनुदाने गेली. ज्या कागदावर घराचे उत्पन्न चालत होते तो पाच-सहा वर्षांत निरुपयोगी ठरला. मोडी आणि फारसी वाचणारी पिढीही त्याच सुमाराला संपत आली. मग चूल पेटवायला, पुड्या बांधायला किंवा रद्दीच्या तराजूत, अशी त्यांची वाट लागली. उलट उदाहरण औरंगाबादचे. तिथल्या किले अर्कमधले शाहजहान-औरंगजेबाच्या काळचे कागद १९१६ साली हैदराबादला हलवले गेले. ते दीड लाखांहून अधिक कागद एका जागी, सरकारी छपराखाली राहिले, म्हणूनच १९५० साली शाहजहानकालीन आणि १९५८ साली औरंगजेबकालीन निवडक कागद छापून निघाले. मराठवाड्याला ते दूर गेले, ही तक्रार खरीच आहे. पण ते शिल्लक आहेत.

पहिला आक्षेप म्हणजे भाव असता तर रद्दी झाली नसती, हा. भाव मिळतो कशाला ते आधी पाहू. नाव, शिक्का, दिसायची शोभा. बादशहाच्या पंजाचे फर्मान विकले जाईल, पेशव्याच्या हातच्या चार ओळी विकल्या जातील. कोण्या गावात किती चाहूर जमीन पडीक होती, दुष्काळात कोणत्या कुणब्याला किती सूट दिली, हे सांगणाऱ्या पाचशे मळकट पानांना कोण गिऱ्हाईक? रुमाल सोडला जाईल, दोन पाने उचलली जातील, बाकी पूर्वीच्याच वाटेने जातील. अमेरिकेत याचा नमुना आहे. वॉशिंग्टनने १७८९ साली आपल्या पहिल्या भाषणाचा साठाहून अधिक पानांचा एक मसुदा स्वतःच्या हाताने उतरवला होता. भाषणात तो वापरला गेला नाही. पुढे वॉशिंग्टनचे कागद संपादित करणाऱ्या जेरेड स्पार्क्सने त्याचे तुकडे कापून हस्ताक्षराच्या शौकिनांना भेट म्हणून वाटले. स्पार्क्स काही रद्दीवाला नव्हता, तो नामांकित इतिहासकार होता. सहीच्या ओढीने त्याच्याही हातात कात्री आली. अभ्यासक आजही ते तुकडे जुळवत आहेत. शिवाय बिननावाच्या कागदांची ताकद काय असते ते निलंग्यात १९१० साली जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींच्या कामात दिसते. मोगल दरबारची बातमीपत्रे त्यांनी मराठीत आणली. कोणाला बढती, कोणाला ताकीद, कुठली छावणी कुठे हलली, अशा रूक्ष ओळी. लिलावात त्यांना दिवाणखान्याचे मोल नाही, पण दख्खनची मोहीम दिवसागणिक कळते ती त्यांतून.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने वाचवली ती संग्राहकांनीच ना? हे नाकारण्यात अर्थ नाही. राजवाडे गावोगाव दप्तरांमागे हिंडले, पारसनीसांनी नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तर मिळवले; ते झाले नसते तर आपल्या हाती किती उरले असते कोण जाणे. पण राजवाड्यांनी १८९८पासून साधनांचे २२ खंड छापले. म्हणजे कागद घरातून हलला तरी मजकूर सर्वांचा झाला. शीख गुरूंच्या हुकूमनाम्यांची गोष्ट याच अंगाने जाते. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी नांदेडहून बंदा बहादूरला पंजाबात धाडले ते शीख संगतींच्या नावे हुकूमनामे देऊन. गुरूंचे असे हुकूमनामे अनेक घराण्यांनी आणि गुरुद्वारांनी श्रद्धेने जपले, विकले नाहीत. पण १९६७ साली इतिहासकार गंडासिंहांनी ते संकलित करून छापले, तेव्हा ते इतिहासाच्या कामी आले. खुद्द अमेरिकेतही विल्यम स्प्रेग या संग्राहकाला वॉशिंग्टनची सुमारे दीड हजार पत्रे उचलण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर: प्रत्येकाची नक्कल जागेवर ठेवायची. आपल्या इनामपत्रातला हुकूम आणि ही अट यांत फरक एवढाच की तिथे अस्सल गेले आणि नक्कल राहिली.

घरात राहू द्या म्हणणाऱ्यांचाही मी पूर्ण बाजूने नाही. १९४८च्या रझाकारी धामधुमीत आणि पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचारात वाडे जळाले, माणसे परागंदा झाली, त्यात हिंदू वतनदारही होते आणि काजी-जहागीरदारही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंतींची घरे माणसांवर कोसळली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. तिथे कागदाची आठवण कोणी काढावी अशी वेळच नव्हती, आणि ढिगारे उपसताना रुमाल शोधायला कोण बसणार? घर हे कागदाचे आश्रयस्थान असते ते घर उभे असेपर्यंत. एकाच जागी एकच प्रत असेल तर कागद घरात आहे, दुकानात आहे की संग्राहकाकडे, याने धोका कमी होत नाही.

या सगळ्याला २०२३ साली अनपेक्षित वळण लागले. मराठा आरक्षणाच्या मागणीतून कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची अचानक ठिकठिकाणी गरज पडू लागली. सप्टेंबर २०२५मध्ये हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला. रद्दीत गेलेल्या तऱ्हेच्या कागदाला पुन्हा हक्काचे मोल आले. सहीचे नव्हे, नोंदीचे. पण मोल आले की बनावटही मागोमाग येते. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट स्प्रिंगने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वॉशिंग्टनच्या सहीच्या खोट्या चिठ्ठ्या करून विकल्या. खोट्या सनदा आपल्यालाही नव्या नाहीत. खोटा पट्टा पकडायचा तर सरकारी वही उघडायची. सुटी सनद किंवा सुटे पान खरे की खोटे हे ठरवायचे तर शेजारचे कागद लागतात, म्हणजे तोच रुमाल, त्याच हाताची दुसरी पाने, त्याच सालचा हिशेब. रुमाल फुटला की पारखही गेली.

राहिला मालकाचा हक्क. घर पडायला आलेल्या वारसाला चार पैसे मिळत असतील तर इतिहासाच्या नावाने त्याला अडवणारे आपण कोण? अडवू नये. १९७२चा पुरावस्तू कायदा ७५ वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या कागदालाही पुरावस्तू मानतो, व्यापाऱ्याला परवाना घ्यायला लावतो, देशाबाहेर न्यायला बंदी करतो. रुमाल सोडून विकला का, आणि विकण्याआधी त्याची नक्कल जवळच्या अभिलेखागारात ठेवली का, हे मात्र तो विचारत नाही. नांदेडला १९९४पासून विद्यापीठ आहे, त्याचे उपकेंद्र लातूरला आहे. वारसाच्या दारात जाऊन रुमाल जसा बांधला आहे तसा, दोन्ही बाजूंनी, पाठीवरच्या शिक्क्यांसकट छायांकित करायचा, त्याची एक प्रत घरी द्यायची आणि या नकलेबद्दल वारसाला मोबदला द्यायचा, याला फार मोठे भांडवल लागत नाही. त्यानंतर अस्सल त्याने ठेवावे, दान द्यावे की विकावे, हा त्याचा प्रश्न.