३९ दाते की ४३? जीपच्या क्राऊन-पिनियनची गोष्ट

भिवंडीत यंत्रमागांच्या शेजारी वाढलेल्या माणसाला गिअर रेशो वेगळा शिकवावा लागत नाही. कापडात इंचामागे किती पिक घालायचे हे बदलायचं असलं, की जॉबर मोटर बदलत नाही. तो चेंज व्हील काढतो आणि वेगळ्या दात्यांचं बसवतो. मोटर तीच, माग तोच, कापड मात्र वेगळं.

जुन्या जीपला मोठे टायर घालणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: गाडी दिसते झकास, पण चढावर दम गेला, क्लच जळतोय. यावरचा उपायही चेंज व्हीलचाच भाऊ आहे. इंजिनाला हात न लावता डिफरन्शियलमधलं क्राऊन-पिनियन बदलायचं.

आधी गणित समजून घेऊ. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असतो, तो मोठ्या क्राऊनला फिरवतो. पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ दाते असतील, तर चाक एकदा फिरायला शाफ्टला ४.८८ फेरे घ्यावे लागतात. क्राऊनला ४३ दाते असतील, तर ५.३८. आकडा मोठा, तर ओढ जास्त आणि वेग कमी.

हे दोन आकडे मी उगाच निवडलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी या लष्करी जीपचा रेशो ४.८८ होता. तिला रस्त्यावर पळायचंही होतं. १९४५ मध्ये विलीजने त्याच गाडीचा नागरी अवतार काढला, सीजे-२ए, आणि तो शेतकऱ्यांना विकायला घेतला. आता गाडीने नांगर ओढायचा होता, यंत्रं चालवायची होती. म्हणून रेशो केला ५.३८. म्हणजे क्राऊनवरचे चार जास्तीचे दाते शेतीसाठी आले, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. माझगावला विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या. पुढे आलेली उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली, इथे मात्र ती नंतरही बनत राहिली. तिचा रेशोही तोच, शेतीवाला ५.३८.

आता मोठा टायर घालून बघू. या जीपचा मूळ ६.००-१६ टायर साधारण २८ इंच उंच. त्याजागी ३१ इंची घातला, तर एका फेऱ्यात गाडी जवळजवळ ११ टक्के जास्त अंतर कापते आणि ओढ त्याच हिशेबाने घटते. ५.३८ ला २८ ने गुणा, ३१ ने भागा. उत्तर येतं ४.८६. म्हणजे मोठ्या टायरने तुमची शेतीची जीप गुपचूप पुन्हा लष्करी जीप झाली! उलटंही खरं आहे: ४.८८ च्या गाडीला ३१ इंची टायर घालायचे असतील, तर ५.३८ चं क्राऊन-पिनियन टाकल्यावर ओढ जवळपास मूळ जागी येते. स्पीडोमीटरही पुन्हा जवळपास खरं बोलू लागतो, कारण त्याची केबल डिफरन्शियलच्या आधी, ट्रान्सफर केसला जोडलेली असते.

पण फुकट काहीच नाही. तेवढ्याच मापाच्या क्राऊनवर ३९ ऐवजी ४३ दाते बसवायचे, तर प्रत्येक दाता बारीक होतो, आणि मोठ्या टायरचा भार त्याच्यावरच येतो. त्यामुळे शिम घालून अंतर जुळवणं, दात्यांना रंग लावून ते एकमेकांना कुठे टेकतात हे पाहणं, यात घाई चालत नाही.

आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे पैसे वाचवायला फक्त मागचाच सेट बदलणं. दोन-चाकी ड्राइव्हमध्ये काही कळत नाही. फोर-व्हील टाकली की पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो, कारण या ट्रान्सफर केसमध्ये मधलं डिफरन्शियल नसतं. पुढे ४.८८ आणि मागे ५.३८ असेल, तर दहा मीटरमागे पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे एक मीटरचा फरक पडतो. चिखलात चाकं घसरून तो भरून काढतात. डांबरावर घसरायला जागा नसते. मग पीळ शाफ्टमध्ये आणि दात्यांत साठत जातो आणि सगळ्यात कच्चा भाग आधी तुटतो. हे घाटात झालं, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही.

म्हणून जुनी जीप घेतली असेल, तर कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका. इतक्या वर्षांत कुणी काय बदललंय सांगता येत नाही. झाकण उघडून दाते मोजा. मागचे मोजून झाले, की पुढचेही मोजा.