एका डाव्या पायाचा मोजा

१/१०
बाळंतविड्यात झबल्या-टोपड्यांबरोबर लोकरीचे चिमुकले मोजे असतात. काही महिन्यांतच ते पायाला होईनासे होतात. अशा वस्तूंचा इतिहास सहसा मागे उरत नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मात्र सुमारे १७०० वर्षांपूर्वीचा, एका लहान मुलाच्या डाव्या पायाचा लोकरी मोजा जपून ठेवलेला आहे.

२/१०
हा मोजा इजिप्तमधील अँटिनोपोलिस नगराचा. आपला प्रिय सहचर अँटिनोअस नाईल नदीत बुडून मरण पावल्यावर रोमन सम्राट हेड्रियन याने इ.स. १३० मध्ये त्याच्या स्मरणार्थ हे नगर वसवले. १९१३-१४ मध्ये जॉन डी मॉनिन्स जॉन्सन हे अभ्यासक पपायरसवरील लिखाणाच्या शोधात तेथे उत्खनन करीत होते. त्या उत्खननात, जुन्या उकिरड्यात, हा मोजा सापडला.

३/१०
लोकर ओलाव्यात कुजते आणि तिला कसर लागते. आपल्याकडच्या पावसाळी मातीत असा मोजा काही वर्षेही टिकला नसता. इजिप्तच्या कोरड्या वाळूने मात्र राजांच्या शवांबरोबर सामान्यांच्या घरातला केरही सांभाळला.

४/१०
मोज्यावर रंगीत पट्टे आहेत. पुढचा भाग दुभागलेला आहे : अंगठ्यासाठी एक कप्पा आणि उरलेल्या चार बोटांसाठी दुसरा. त्या काळी मोज्यांवर वहाणा घालत असत आणि वहाणेचा पट्टा या फटीतून जाई. अंगठ्याची चप्पल वापरणाऱ्यास ही सोय वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

५/१०
पाहताक्षणी हा मोजा सुयांवर विणलेला वाटतो. पण तसा तो नाही. यातील तंत्राला आज ‘नालबाइंडिंग’ म्हणतात. यात नेढे असलेली एकच सुई असते आणि प्रत्येक टाक्याला सगळा धागा फासातून ओढून घ्यावा लागतो. म्हणून धागा आखूडच घ्यावा लागतो आणि तो संपला की नवा जोडावा लागतो. दोन सुयांच्या विणकामाचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने नमुनेही इजिप्तमधलेच आहेत. पण ते इस्लामी कालखंडातले, म्हणजे कित्येक शतकांनंतरचे.

६/१०
हा फरक केवळ तांत्रिक नाही. दोन सुयांवर विणलेला स्वेटर लहान झाला, की तो उसवून त्याच लोकरीचा नवा विणता येतो. नालबाइंडिंगचे काम असे सरसर उसवत नाही. एक टाका तुटला तरी शेजारचे टाके सुटत नाहीत. वस्तू टिकाऊ होते. मात्र तिच्यातली लोकर सहजासहजी परत मिळत नाही. पाय वाढला, की मोजा धाकट्या भावंडाला द्यावा, नाहीतर टाकून द्यावा.

७/१०
सुई हाती येण्यापूर्वीचे श्रम तर याहून मोठे. मेंढी कातरायची, लोकर धुवायची, तिच्यातला कचरा काढून ती विंचरायची आणि मग चातीवर धागा कातायचा. वीतभर मोज्यासाठीही यातली एकही पायरी चुकत नाही.

८/१०
२०१८ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या संशोधकांनी वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात या मोज्याची छायाचित्रे घेतली. या पद्धतीत धागा कापून घ्यावा लागत नाही. पट्ट्यांच्या विविध छटांमागे केवळ तीन वनस्पती निघाल्या : लाल रंगासाठी मंजिष्ठेच्या कुळातील मॅडरची मुळे, निळ्यासाठी वोडची पाने आणि पिवळ्यासाठी वेल्ड.

९/१०
तिन्हींचे स्वभाव निराळे. मॅडर आणि वेल्ड लोकरीवर पक्के बसावेत म्हणून तुरटीसारखे रंगबंधक लागते. वोडमध्ये आपल्या निळीचेच रंगद्रव्य असते. कुंडातून काढलेला धागा हवा लागल्यावर निळा होत जातो. एका रंगात बुडवलेली लोकर दुसऱ्यात बुडवली, की तिसरी छटा मिळते. निळ्यावर पिवळा चढवला तर हिरवी. जवळ असेल तेवढ्यातच रंगांची श्रीमंती साधण्याचे हे कसब. ते लहान मुलाच्या मोज्यासाठीही वापरले गेले, हे विशेष.

१०/१०
जॉन्सन पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक झाले. तिकिटे, जाहिराती, हस्तपत्रके असे लोक टाकून देतात ते छापील कागद त्यांनी आयुष्यभर जमवले. तो संग्रह आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. हेड्रियनचे नाव शिलालेखांत राहिले. ज्या हातांनी हा मोजा केला, त्यांचे नाव कोठेही नाही. त्यांचे टाके मात्र अजून सुटलेले नाहीत.