मोटारमंडळांचा दानधर्म

भूकंपाच्या वा महापुराच्या वार्ता येऊ लागल्या की थोड्याच दिवसांत कुठल्या तरी शहराच्या मैदानावर हौशी मंडळींच्या मोटारी रांगेने उभ्या राहतात, गाडीमागे प्रवेशशुल्क घेतले जाते, बघ्यांकडून तिकिटाचे पैसे जमतात आणि खर्चवेच वजा जाता उरलेली रक्कम मदतनिधीकडे रवाना होते. हा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की ऐषआरामाची वस्तू आणि आपद्ग्रस्तांचे साहाय्य यांची गाठ मुळात बांधली कोणी, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. माझ्या मते ही गाठ जितकी औदार्याने बांधली तितकीच लोकनिंदेच्या धाकाने.

प्रारंभीच्या काळात मोटारीइतकी अप्रिय वस्तू रस्त्यावर दुसरी नव्हती. इंग्लंडात १८९६ सालापर्यंत यंत्रचलित वाहनापुढे एका माणसाने पायी चालत राहावे असा कायदाच होता. आणि तो रद्द झाल्यावर वेगाची जी मर्यादा आली, ती मोडणाऱ्यांना पकडण्यासाठी झाडाझुडपांआड दबा धरून बसणाऱ्या पोलिसांची खबर मोटारवाल्यांना आगाऊ मिळावी, याच उद्देशाने १९०५ साली तेथील ऑटोमोबाईल असोसिएशन जन्मास आली. पुढे प्रतिष्ठेच्या शिखरावर पोहोचलेल्या या संस्थेचा उगम कायद्याला हुलकावणी देण्यात आहे, ही गोष्ट तिच्या गौरवग्रंथांनाही लपविता येत नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन यांनी १९०६ च्या आरंभी जाहीरपणे असे मत मांडले की, समाजवादी भावनेचा प्रसार या देशात मोटारीइतका दुसऱ्या कशानेच झालेला नाही. कारण श्रीमंतीच्या उद्दामपणाचे मूर्तिमंत चित्रच ती खेडूतांच्या डोळ्यांपुढे उभे करते. अशा वातावरणात न्यूयॉर्कच्या मोटारवाल्यांनी अनाथाश्रमांतील मुलांना गाड्यांत बसवून वर्षातून एकदा समुद्रकिनारी हिंडवून आणण्याचा उपक्रम काढला, त्यात भूतदया नव्हती असे मी म्हणत नाही; परंतु वार्ताहर आणि छायाचित्रकार यांना त्या दिवशी कोणी अटकावही केला नाही.

सॅन फ्रान्सिस्को शहरात ऑटोमोबाईल क्लब ऑफ कॅलिफोर्निया १९०० साली स्थापन झाला. घोडे बुजतात या सबबीवर गोल्डन गेट पार्कमध्ये मोटारींच्या संचारावर जे निर्बंध होते, ते शिथिल करून घेण्यासाठी अर्जविनंत्या करण्यात त्याच्या पहिल्या दिवसांतील बरीच शक्ती खर्ची पडली. दैवगती अशी की, त्याच उद्यानात लवकरच हजारो निर्वासितांचे तंबू पडायचे होते.

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने जितका विध्वंस केला, त्याच्या कितीतरी पटीने अधिक त्यामागून लागलेल्या आगींनी केला. भूमिगत जलवाहिन्या फुटल्यामुळे अग्निशामक दलाचे बंब ठणठणीत कोरडे पडले. दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन पहिल्याच धक्क्यात इमारतीचा भाग कोसळून इतके जबर जखमी झाले की चारच दिवसांत त्यांचा अंत झाला. तारायंत्र आणि टेलिफोन यांची व्यवस्था विस्कळित झाली. ट्रॅमगाड्या जागच्या जागी थबकल्या. सुमारे २८,००० इमारती भस्मसात झाल्या आणि चार लाखांच्या त्या शहरातील निम्म्याहून अधिक माणसे बेघर झाली. घोड्यांवर विसंबावे तर तापलेल्या राडारोड्यातून अहोरात्र ओझी ओढून ती मुकी जनावरे रस्त्यातच कोसळू लागली. तेव्हा जनरल फ्रेडरिक फन्स्टन यांचे सैनिक आणि नगरपालिकेचे अधिकारी यांनी शहरातील खाजगी मोटारी सरसकट ताब्यात घ्यावयास प्रारंभ केला.

पुढील काही दिवस या गाड्यांनी जे केले ते खरोखर थक्क करणारे आहे. मेकॅनिक्स पॅव्हेलियन या प्रशस्त सभागृहात तात्पुरते रुग्णालय थाटले होते. दुपारच्या सुमारास आग त्याच्यापर्यंत येऊन भिडली, तेव्हा तेथील जखमींना जी वाहने हाती लागली त्यांतून, आणि त्यांत मोटारी पुष्कळ होत्या, सुरक्षित स्थळी हलविण्यात आले. आगीच्या वाटेतील घरे उडवून देण्यासाठी लागणारा सुरुंगाचा दारूगोळा मोटारींतून गेला. डॉक्टर, औषधे, अधिकाऱ्यांची फर्माने आणि भाकरी हीही त्यांतूनच गेली. रबरी धावा जळून फुटल्या, तरी कित्येक गाड्या नुसत्या लोखंडी कड्यांवर खडखडत धावत राहिल्या. अग्निशामक दलाची धुरा अकस्मात ज्यांच्या खांद्यावर आली ते जॉन डॉगर्टी, आपल्याला मोटारीविषयी पूर्वी शंका होती परंतु आता ती उरली नाही, अशा आशयाची ग्वाही देऊन गेले. आणि मोटारविक्रेत्यांनी या प्रशस्तीचा जाहिरातींत उपयोग करण्यास यत्किंचितही विलंब लावला नाही.

येथे एका गोष्टीची नोंद करणे न्यायाचे होईल. क्लबांच्या स्मरणलेखांत या प्रसंगाचे वर्णन स्वयंस्फूर्त त्यागाचे म्हणून येते आणि काही मालकांच्या बाबतीत ते यथार्थही आहे; परंतु अनेकांच्या गाड्या सशस्त्र शिपायाने पुढे उभे राहून मागितल्या होत्या, आणि अशा मागणीला नकार देण्याचे धैर्य फार थोड्यांत असते. दानाचे पुण्य आणि जप्तीची सक्ती यांची सरमिसळ कुठल्याही मोठ्या आपत्तीच्या दफ्तरात आढळतेच. जखमीला मात्र गाडी कोणत्या खात्यावर आली याचे सोयरसुतक नव्हते.

सॅन फ्रान्सिस्कोसाठी परदेशांतून आलेल्या देणग्यांत जपानची देणगी इतर सर्व राष्ट्रांच्या एकत्रित रकमेहूनही मोठी होती. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो आणि योकोहामा भूकंपाने व आगीने उद्ध्वस्त झाली, तेव्हा अमेरिकेतून मदतीचा ओघ सुरू झालाच. शिवाय ट्रॅमगाड्यांचे जाळे मोडून पडल्यामुळे टोकियोच्या नगरपालिकेने फोर्ड कंपनीकडे सुमारे ८०० सांगाड्यांची मागणी नोंदविली आणि त्यांवर घाईघाईने बांधलेल्या ओबडधोबड बसगाड्या १९२४ च्या जानेवारीपासून रस्त्यावर आल्या. जपानच्या राजधानीत मोटारवाहतूक रुजली ती अशी. मार्च २०११ मध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी कोसळली, त्यावेळी अमेरिकेतील जपानी मोटारींच्या चाहत्यांनी ठिकठिकाणी मेळावे भरवून रेड क्रॉसकरिता पैसे गोळा केले. वाहनावरील प्रेम ते घडविणाऱ्या देशापर्यंत पोहोचावे, हे मला तरी या साऱ्या इतिहासातील अत्यंत निर्व्याज प्रकरण वाटते.

आपल्याकडे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन मुंबईत १९१९ साली निघाली खरी, परंतु मोटार ही तेव्हा मूठभरांचीच मिरास होती. महाराष्ट्राला सार्वजनिक कार्यासाठी निधी उभा करावयाचा असे तेव्हा तो रंगभूमीकडे वळे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी १९२१ साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला ‘संयुक्त मानापमान’ हा त्या परंपरेचा कळस होय. करमणुकीच्या मोबदल्यात दान, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. फरक एवढाच की, नाटकमंडळी आपली कला पूरग्रस्ताच्या दारी नेऊ शकत नाहीत, मोटारवाले आपली गाडी नेऊ शकतात.

ते सामर्थ्य ऑगस्ट २०१८ च्या महापुरात केरळात दिसले. त्या पुरात माणसे वाचविण्याचे सर्वाधिक श्रेय आपल्या होड्या घेऊन धावलेल्या कोळी बांधवांनाच जाते. परंतु जेथे पाणी होडीला अपुरे आणि साध्या गाडीला अतोनात होते, अशा मधल्या पट्ट्यांत डोंगरवाटांवर जीप हाकणाऱ्या क्लबांचे सभासद अन्नधान्य आणि माणसे वाहून नेत होते. त्यांच्या गाड्या हे करू शकल्या, कारण त्यांचे सांगाडे उंच करून, अजस्र चाके बसवून, त्यांचे मूळ रूप मालकांनी पालटून टाकले होते. आणि एरवी वाहतूक खात्याच्या दंडाला पात्र ठरणारा अपराध तो हाच. पुढे ९ जानेवारी २०१९ रोजी, पूर ओसरून पाच महिनेही झाले नव्हते, तोच केरळ उच्च न्यायालयाच्या निर्णयाविरुद्धच्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, निर्मात्याने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे असे फेरफार वाहनात करता येणार नाहीत.