विनोदी विज्ञानकादंबरीचे टिकाऊपण

विज्ञानकादंबरीला काळाचे भय इतर वाङ्मयप्रकारांपेक्षा अधिक असते. तिने कल्पिलेले यंत्र प्रत्यक्षात आले की तिचे नावीन्य ओसरते; ते आले नाही तर तिचे भाकीत फसलेले ठरते. विनोदाचीही स्थिती फारशी निराळी नाही. ज्या व्यक्तीवर वा प्रथेवर तो बेतलेला असतो ती विस्मृतीत गेली की त्याची धार बोथट होते. ही दोन अल्पायुषी तत्त्वे जेथे एकत्र येतात ती विनोदी विज्ञानकादंबरी दुप्पट वेगाने कालबाह्य व्हावयास हवी. प्रत्यक्षात या प्रकारातील काही कृती आपल्या काळातील गंभीर विज्ञानकादंबऱ्यांपेक्षा अधिक आवडीने वाचल्या जातात. या विरोधाभासाचा उलगडा या परंपरेच्या इतिहासातच शोधावा लागतो.

परंपरेचा आरंभ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ल्यूशियनपर्यंत मागे नेता येतो. त्याच्या प्रवासवर्णनात चंद्र आणि सूर्य यांचे राजे शुक्रताऱ्यावर वसाहत करण्याच्या प्रश्नावरून युद्ध करतात. मात्र विज्ञानसंस्था हाच विनोदाचा विषय होतो तो जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६). त्यातील लगाडोच्या अकादमीत एक संशोधक आठ वर्षे काकडीतून सूर्यप्रकाश काढण्याच्या खटपटीत आहे. मार्जोरी निकल्सन आणि नोरा मोहलर यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले, की अकादमीतील अनेक प्रयोगांचे मूळ रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातील प्रत्यक्ष वृत्तांतांत सापडते. हे संशोधन मोलाचे खरे. पण त्यातून एक अवघड प्रश्नही उभा राहतो. हे संदर्भ उजेडात येण्यापूर्वीचे आणि आजही त्यांविषयी अनभिज्ञ असलेले वाचक नेमके कशाला हसतात? स्विफ्टचा संशोधक आणखी आठ वर्षांत यश निश्चित असल्याचे सांगतो, साहित्य महाग झाल्याची तक्रार करतो आणि पाहुण्याकडे मदतीची याचना करतो. प्रयोग विसरला गेला तरी ही वृत्ती आजही ओळखीची वाटते.

व्होल्तेअरच्या ‘मिक्रोमेगास’मध्ये (१७५२) लुब्धक ताऱ्यावरील महाकाय प्रवासी पृथ्वीवर येतो आणि निघताना तत्त्वज्ञानाचा एक ग्रंथ भेट देतो. पॅरिसच्या अकादमीचा सचिव तो उघडतो, तेव्हा त्याची सर्व पाने कोरी असतात. प्रचंड अपेक्षेला मिळालेले हे शून्य उत्तर पुढे दोनशेहून अधिक वर्षांनी वेगळ्या रूपात पुन्हा येते.

टिकाऊपणाची सर्वांत कठोर कसोटी लागली ती पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम याच्या साहित्याची. त्याचे ‘सायबेरियाड’ हे कथाचक्र १९६५ मध्ये, ‘फ्यूचरॉलॉजिकल काँग्रेस’ ही कादंबरी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. सेन्सॉरशिपच्या राज्यातील हे लेखन राजकीय रूपक म्हणून वाचण्याची प्रथा पडली. तथापि १९८९ मध्ये पोलंडमधील कम्युनिस्ट सत्ता संपली, १९९० मध्ये सेन्सॉरचे कार्यालयही बंद झाले आणि रूपकाचा लक्ष्यार्थच नाहीसा झाला. ग्रंथ मात्र वाचले जातच राहिले. ‘सायबेरियाड’मधील एक यंत्र ‘न’ या वर्णाने आरंभ होणारी कोणतीही वस्तू निर्माण करते. त्याला ‘नास्ति’ निर्माण करण्याची आज्ञा होते आणि ते विश्वातील एकेक वस्तू नाहीशी करू लागते. थांबविले जाईपर्यंत आकाश विरळ झालेले असते. आज्ञेच्या शब्दाला चिकटून तिचा हेतू हरवून बसणारी ही आज्ञाधारकता एका राजवटीपुरती मर्यादित नाही. आंरी बर्गसाँने १९०० मध्ये जिवंत माणसात शिरलेल्या यांत्रिकतेला हास्याचे मूळ मानले होते. लेम तेच सूत्र उलटे करतो : त्याची यंत्रे माणसांइतकीच मत्सरी, अहंमन्य आणि कीर्तिलोलुप आहेत.

डग्लस ॲडम्सची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी’ प्रथम ८ मार्च १९७८ पासून बीबीसीच्या रेडिओ ४ वर श्रुतिकामालिका म्हणून ऐकू आली. कादंबरी १९७९ मध्ये निघाली. श्राव्य माध्यमातील जन्माचा ठसा तिच्या निवेदनावर कायम राहिला. मार्गदर्शक पुस्तिकेचा निर्विकार, आत्मसंतुष्ट स्वर हाच तिचा खरा नायक होय. पृथ्वी अंतराळातील एका वळणरस्त्यासाठी पाडली जाते. योजनेचे नकाशे दूरच्या ताऱ्यावरील कार्यालयात रीतसर लावलेले होते, तेव्हा हरकत घेण्याची मुदत टळून गेलेली असते. महासंगणक पंचाहत्तर लक्ष वर्षे विचार करून जीवनाचे उत्तर ‘४२’ असे देतो. व्होल्तेअरच्या कोऱ्या पानांची जागा येथे नेमक्या, पण निरर्थक आकड्याने घेतली आहे. हातात मावणारा इलेक्ट्रॉनिक ग्रंथ १९७९ मध्ये नवल होते. आज ती नित्याची वस्तू आहे. भाकीत खरे ठरूनही विनोद उणावला नाही, कारण तो त्या उपकरणावर कधीच अवलंबून नव्हता. उलट, त्याच कादंबरीतील डिजिटल घड्याळांवरील कोटी तिच्या काळाशी जखडलेली आहे.

योगायोग असा, की याच १९७९ साली दार्को सुविन याचा ‘मेटामॉर्फसिस ऑफ सायन्स फिक्शन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने ज्ञानाधिष्ठित अपरिचितीकरण हे या प्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण ठरविले. विनोदी विज्ञानकादंबरी या व्याख्येत पूर्णपणे बसत नाही. ती प्रथम वाचकाला विश्वाच्या अफाट विस्तारात नेते. हे अपरिचितीकरण झाले. पण तेथे त्याला भेटतात ते नगररचना खात्याचे कारकून, अनुदानासाठी झुरणारे संशोधक आणि एकमेकांचा हेवा करणारे कारागीर. अपरिचितात परिचिताची ही अनपेक्षित भेट हेच तिच्या हास्याचे मूळ आहे. अपरिचिताचे आकर्षण ते परिचित होताच संपते. परिचिताची ओळख पटण्याचा आनंद मात्र पुनर्वाचनातही टिकतो.

यावरून ही परंपरा केवळ मानवी स्वभावाच्या चिरंतनतेचा पुरावा मानणे उतावीळपणाचे होईल. काकडी पिळणारा संशोधक अनुदानावर जगणाऱ्या संस्थेचा, तर नकाशे लावणारा कारकून नियोजन करणाऱ्या राज्ययंत्रणेचा प्रतिनिधी आहे. दोघेही आधुनिक इतिहासाची निर्मिती आहेत. त्या संस्था टिकून आहेत म्हणून त्यांच्यावरील हास्यही टिकून आहे. विनोदी विज्ञानकादंबरीला विज्ञानसाहित्याचे हलकेफुलके उपांग समजणाऱ्या समीक्षेच्या नजरेतून नेमके हेच निसटते. भविष्याची यंत्रे रंगविण्याचे निमित्त करून हा प्रकार वर्तमानातील अधिकाराची भाषा नोंदवीत आला आहे, आणि त्या भाषेचा अंमल अजून सरलेला नाही.