सागरी औष्णिक ऊर्जेचा इतिहास : शीतजलनलिकेच्या संदर्भात

प्रस्तावना :
उष्ण कटिबंधात समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचे तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअस, तर एक किलोमीटर खोलीवर ते सुमारे ५ अंश असते. या तफावतीतून वीज मिळविता येईल, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन दार्सोनवाल यांनी १८८१ मध्ये मांडली. तिला जवळपास दीड शतक लोटले, तरी मोठे व्यापारी वीजकेंद्र उभे राहिलेले नाही. अल्प कार्यक्षमता हे त्याचे कारण सांगितले जाते. ते अपुरे आहे. या इतिहासातील यशापयश बव्हंशी खोल समुद्रातील थंड पाणी वर आणणाऱ्या नलिकेने ठरविले आहे.

तत्त्व आणि मर्यादा :
बंद चक्रात पृष्ठभागाच्या उष्ण पाण्याने अमोनियासारख्या द्रवाची वाफ होते. ती टर्बाइन फिरविते व थंड पाण्याने पुन्हा द्रवरूप होते. वरील तापमानांना सैद्धांतिक कार्यक्षमता सुमारे ७ टक्के असून प्रत्यक्षात ती याच्या निम्म्याच्या आसपास राहते. परिणामी थोड्या विजेसाठीही प्रचंड पाणी लागते, म्हणजेच रुंद व लांब नलिका लागते. मिळालेल्या विजेचा मोठा भाग पंपांवर खर्च होतो.

परदेशांतील प्रयोग :
दार्सोनवाल यांचे स्नेही जॉर्ज क्लोद यांनी १९३० मध्ये क्यूबातील मातान्झास येथे समुद्राच्याच पाण्याची वाफ वापरणाऱ्या खुल्या चक्राने २२ किलोवॉट वीज निर्माण केली. त्यापूर्वी त्यांच्या दोन नलिका समुद्रात नष्ट झाल्या होत्या. शिवाय यंत्रणा चालविण्यास निर्मितीपेक्षा अधिक वीज लागत होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर या विषयास पुन्हा चालना मिळाली. १९७९ मध्ये हवाईजवळच्या तरंगत्या केंद्रात सुमारे ५० किलोवॉट निर्मितीतून सर्व खर्च वजा जाता प्रथमच काही निव्वळ वीज शिल्लक राहिली. १९८१ मध्ये नाऊरू बेटावर जपानी कंपनीने सुमारे १२० किलोवॉटपैकी ३० किलोवॉटच्या आसपास निव्वळ वीज मिळविली.

भारतीय अनुभव :
चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने जपानच्या सागा विद्यापीठाच्या सहकार्याने १ मेगावॉट क्षमतेचे केंद्र ‘सागरशक्ती’ या तराफ्यावर उभारले. तमिळनाडूतील तुतिकोरीनच्या किनाऱ्यापासून दूर, एक मीटर व्यासाची सुमारे एक किलोमीटर लांबीची नलिका समुद्रात उतरविताना अपयश आले आणि वीजनिर्मिती साध्य झाली नाही.

तथापि हा अनुभव वाया गेला नाही. लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे २००५ मध्ये याच तापमानभेदावर खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे, दररोज एक लाख लिटर क्षमतेचे संयंत्र सुरू झाले. त्याची नलिका केवळ ३५० मीटरच्या आसपास खोलीवरून पाणी आणते. पिण्यायोग्य पाण्याची टंचाई असलेल्या बेटावर तिचे मोल मोठे आहे. २०११ मध्ये मिनिकॉय व अगत्ती बेटांवरही अशी संयंत्रे आली. मात्र कवरत्तीच्या पंपांना वीज डिझेल जनित्रांची लागली. म्हणूनच ही वीज समुद्राच्या उष्णतेतूनच मिळविण्याची योजना संस्थेने पुढे हाती घेतली.

निष्कर्ष :
दार्सोनवाल यांचे तत्त्व कोठेही खोटे ठरले नाही. लाटा, प्रवाह व स्वतःचे वजन यांपुढे नलिका मात्र वारंवार हरली. जेथे खोली मर्यादित ठेवली आणि विजेऐवजी स्थानिक गरज केंद्रस्थानी मानली, तेथे हे तंत्र टिकले. त्यामुळे त्याचे मूल्यमापन केवळ मेगावॉटमध्ये न करता बेटांवरील पाणी व इंधन यांच्या संदर्भातही होणे उचित ठरते.