चौथ्या आकड्याची गोष्ट

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या मुलांनी जलचक्रावर एक छोटी चित्रफीत केली. समुद्राच्या चित्रणावर वर जाणारे पिवळे बाण हळूहळू उमटावेत, अशी त्यांची योजना होती. संगणकावर बाण तयार झाले. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली होती. पण तयार फाइल समुद्रावर ठेवताच बाणांमागे काळा चौकोन आला आणि सगळा समुद्र झाकून गेला! तीन वेळा तेच केले, तीन वेळा तेच झाले. 'संगणक बिघडलाय' असा मुलांनी निष्कर्ष काढला. संगणक मात्र ठणठणीत होता. तो चौकोन कोठून आला हे समजण्यासाठी आपल्याला शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

एका चित्रावर दुसरे चित्र बसवण्याची हौस सिनेमाइतकीच जुनी आहे. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस याने १८९८ साली एका लघुपटात स्वतःचेच डोके धडावरून काढून टेबलावर ठेवून दाखवले. काळ्या पडद्याचा भाग फिल्मवर उमटत नाही. ती जागा कोरी राहते आणि तेथे दुसऱ्यांदा चित्रण करता येते. पुढे १९१८ साली अमेरिकेत फ्रँक विल्यम्स याने हलत्या आकृतीच्या काळ्या छायेची वेगळी फिल्म तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. या छायाफिल्मला 'मॅट' म्हणतात. कोठे आकृती आहे आणि कोठे नाही, एवढेच ती सांगते.

'मेरी पॉपिन्स' (१९६४) या चित्रपटासाठी पेट्रो व्लाहोस याची सोडियमच्या दिव्यांची पद्धत वापरली गेली. सोडियमचा पिवळा प्रकाश सुमारे ५८९ नॅनोमीटर या अगदी अरुंद पट्ट्यात असतो. मागचा पडदा त्या प्रकाशाने उजळायचा आणि कॅमेऱ्यातील लोलकाने तेवढाच प्रकाश वेगळा करून दुसऱ्या फिल्मवर पाडायचा. एका फिल्मवर रंगीत चित्र, दुसरीवर मॅट! झिरझिरीत जाळीसुद्धा त्यात नीट टिकत असे. 'किती झाकले आहे' ही माहिती रंगांपासून वेगळी ठेवायची, हे तत्त्व येथे पक्के झाले.

संगणकात हे तत्त्व १९७७ साली आले. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ यांनी प्रत्येक चित्रबिंदूच्या लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांबरोबर चौथा आकडा साठवायचे ठरवले. ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, १ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. दोन राशींच्या मिश्रणाच्या सूत्रात अल्फा हे अक्षर वापरतात, म्हणून त्याचे नाव अल्फा. पुढे १९८४ साली टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रांवर चित्रे रचण्याचे बीजगणितच मांडले. रंगाचे आकडे अल्फाने आधीच गुणून ठेवावेत, म्हणजे आकडेमोड सोपी होते, हे त्यांनी दाखवले. या कामाबद्दल चौघांनाही १९९६ साली ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

मग हा चौथा आकडा वाटेत हरवतो कसा? कारण चित्रफितीच्या कोडेकचा, म्हणजे चित्रे आवळून साठवणाऱ्या आणि पुन्हा उलगडणाऱ्या पद्धतीचा, वंश वेगळा आहे. तो दूरचित्रवाणीचा. जॉर्ज व्हॅलेन्सी याने १९३८ साली सुचवले की उजेडाचा एक संदेश आणि रंगाचे वेगळे संदेश पाठवावेत, म्हणजे जुन्या कृष्णधवल संचांवरही चित्र दिसेल. अमेरिकेत १९५३ साली मान्य झालेली रंगीत पद्धत याच विचारावर उभी होती. डोळ्याला उजेडातील बारकावे जास्त आणि रंगातील कमी कळतात, म्हणून रंगाची माहिती कमी करूनही भागते. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूला ३ बाइट, सेकंदाला २५ चित्रे, असा हिशेब केला तर सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात! अशी काटकसर अटळच होती. २००३ साली प्रमाण ठरलेला एच.२६४ हा याच घराण्यातला. प्रेक्षकाच्या पडद्यामागे दुसरे चित्र नसतेच, म्हणून त्याच्या नेहमीच्या वापरात चौथ्या आकड्याला जागाच नाही. तो गळला की बाणाबाहेरचे रंग उरतात. ते शून्याने गुणलेले, म्हणजे शून्य. आणि तिन्ही रंग शून्य म्हणजे काळा!

उपाय यातूनच निघतो. अल्फा सांभाळणारा कोडेक निवडावा, उदाहरणार्थ २००९ साली आलेला प्रोरेस ४४४४. यातला शेवटचा ४ अल्फासाठीच आहे. किंवा सुट्या पीएनजी चित्रांची मालिका काढावी. फाइलच्या नावापुढे 'एमओव्ही' दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. तो नुसता डबा आहे, आत कोणता कोडेक आहे ते पाहावे. शिवाय फाइल काढताना 'आरजीबी' ऐवजी 'आरजीबी आणि अल्फा' हा पर्याय निवडावा लागतो.

आमचा चौकोन असा गेला. पण बाणांच्या कडांना काळपट रेघ उरली. येथे पोर्टर आणि डफ यांचा गुणाकार आठवावा. कडेवरच्या बिंदूचा लाल २०० आणि अल्फा ०.५ असेल, तर आधीच गुणलेला आकडा १००. तो गुणलेला आहे हे दुसऱ्या प्रणालीला ठाऊक नसेल तर ती पुन्हा गुणते आणि ५० उरतात. कड काळवंडते. फाइल आत घेताना 'अल्फा आधीच गुणलेला आहे' असे सांगितले की रेघ नाहीशी होते.

हे गणित आठवीच्या वर्गात फळ्यावर सहज करता येते. मुलांना ५० आणि १०० हे दोन्ही आकडे पांढऱ्या पार्श्वभूमीच्या २५५ च्या निम्म्यात मिळवायला सांगा. रेघ कोठून आली हे ती स्वतःच सांगतील. आमच्या मुलांनी सांगितले. आणि मगच 'संगणक बिघडलाय' हे वाक्य मागे घेतले.